एक ए जास्त

पत्रा माझ्या मांडीवर होता, सहा फूट बाय दोन,
आणि नीलव्वा दारात उभी, चप्पल न काढता.
"बॉर्डर खानावळ," ती म्हणाली,
"बाचीच्या पुढं, चेकपोस्टच्या अलीकडं.
नावातच पत्ता. वेगळा लिहायला नको, पैसे वाचले."

वर कन्नड, मोठं, कागदात माप आलंय तसं.
खाली मराठी, मावेल तेवढं.
तळाला इंग्रजी, लांबच्या ट्रकवाल्यांसाठी.
कन्नड मी गोल हातानं काढतो, भाकरी थापल्यासारखं.
मराठीला आधी वरची रेघ ओढतो,
कपडे वाळत घालायला दोरी बांधावी तशी.
इंग्रजी मला येत नाही.
ती मी फक्त काढतो.

बोर्ड लागला त्या मंगळवारी
शिनोळीच्या शाळेचे गावडे मास्तर
आमटीत भाकरी कुस्करताना थांबले, हसले.
"बी, ओ, ए... पेंटर, एक ए जास्त झालाय की."
घास हातात धरून सगळी खानावळ वर बघायला लागली.
कन्नडात चूक नव्हती, मराठीत नव्हती.
आमच्या दोन्ही लिप्यांना तो ए दिसतच नाही.

रविवार पेठेत रद्दीवाल्याकडं
अर्धी डिक्शनरी मिळाली, एमपर्यंतची, चाळीस रुपयांना.
बी त्यात होतं.
उरलेल्या इंग्रजीशी मला काम नव्हतं.

रात्री भावेश्वरीनं भिंग धरून वाचलं,
ती बारीक, तिरकी अक्षरं,
जिथं शब्दाचे आईबाप लिहिलेले असतात.
बोर्ड म्हणजे मुळात फळी.
फळी मांडली, तिच्यावर ताट आलं,
म्हणून जेवणही बोर्ड,
आणि पैसे भरून रोज जेवतो तो बोर्डर,
एक ए घालून.
तीच फळी जहाजाच्या अंगाला बसली.
फळी संपली की पाणी,
म्हणून कडही बोर्ड.
मग ती कड फ्रान्सातनं फिरून आली,
कापडाची किनार झाली, ढालीचा काठ झाली,
होता होता राज्याची हद्द झाली.
तेवढ्या फिरण्यात ए कुठंतरी पडला.
"बाबा," पोरगी म्हणाली, "दोघं चुलतभाऊ निघाले."

मी गप्प बसलो.
तीस वर्षं मी फळीच्या कडेला आधी रंग देतो,
मग मधे लिहितो.
कुणी सांगितलं नव्हतं.

झोप येईना तेव्हा आमचेच शब्द उलटेपालटे करत पडलो.
काठ लुगड्याला असतो, मार्कंडेयलाही असतो.
कन्नडात हद्दीला गडि म्हणतात,
मराठीत गडी म्हणजे खेळात आपल्या बाजूचा.
"त्यांचं नातं नाही हं," भावेश्वरी अंथरुणातनं म्हणाली,
"नुसते सारखे दिसतात."
असू दे. आमच्या गल्लीत दोन परशराम आहेत,
नातं नाही, पण एकाला हाक मारली
की दोघं दार उघडतात.
आणि शीव?
शीव म्हणजे गावाची हद्द,
आणि फाटलेलं पुढं टाकून
आई म्हणायची तेही, शीव.

सकाळी थिनरची बाटली, चिंधी घेऊन गेलो.
शिडी लावली.
नीलव्वानं खालनं शिडीच धरली, हलवलीही थोडी.
"जेवणारा तोच बोर्डर म्हणतोयस न्हवं?
मग उतर खाली.
हद्द बघायला कोण बसतंय माझ्या फळीवर?"

फळी एकच होती, भिंतीपासून दारापर्यंत.
या टोकाचा म्हणत होता, सारु हाक्री,
त्या टोकाचा म्हणत होता, आमटी वाढा,
आणि पातेलं एकच होतं.
गावडे मास्तर मधे बसलेले,
अजूनही चूक ती चूकच, असं तोंड करून.

मी जास्तीच्या अक्षराचे पैसे मागितले.
नीलव्वा म्हणाली, ताट घे.